शाहीर आणि हुकूमशाही : हैदराबाद संस्थानातील प्रतिकारगीते व त्यांचे कार्य

प्रस्तावना

'हुकूमशाही' आणि 'शाहीर' हे दोन्ही शब्द मराठीला अरबी-फारसीच्या वाटेने मिळाले आहेत. 'हुक्म' म्हणजे आज्ञा आणि 'शाही' म्हणजे सत्ता. केवळ आज्ञेवर चालणारी सत्ता ती हुकूमशाही. 'शाहीर' हे अरबी 'शाइर' या शब्दाचे मराठी रूप होय. शाहिराच्या हातातला 'डफ'ही त्याच वाटेने आपल्याकडे आला. आज्ञा देणारा, गाणारा आणि वाजणारे वाद्य या तिघांची नावे एकाच शब्दसंपत्तीतून यावीत, ही भाषेच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी गोष्ट आहे. आज्ञा एकाची असते आणि ती खाली उतरते. गाणे अनेकांचे असते आणि ते आडवे पसरते. या दोहोंचा संबंध अनेकदा संघर्षाचा राहिला आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. एकतंत्री राजवटीला विरोध करताना गाणे नेमके कोणते काम करते आणि कोणते काम करू शकत नाही, हे आपल्या आदिलाबाद परिसराच्या आणि जुन्या हैदराबाद संस्थानाच्या उदाहरणांवरून पाहावयाचे आहे. आपल्या वर्गात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी अशा भिन्न भाषांच्या घरांतून आलेली मुले बसतात. निजामाच्या काळाविषयी या घरांत भिन्न आठवणी आहेत. अशा वर्गात हा इतिहास शिकविताना अध्यापकाची जी अडचण होते, ती सोडविण्यास गाण्यांचा अभ्यास कसा उपयोगी पडतो, हाही प्रश्न येथे घेतला आहे.

राजवटीचे स्वरूप

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची कारकीर्द १९११ ते १९४८ अशी होती. संस्थानाची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे एक कोटी साठ लाख होती. त्यात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, एक चतुर्थांश मराठी बोलणारे आणि उरलेले मुख्यतः कन्नड व उर्दू भाषक होते. कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ, तेथील भाषांतर विभाग, रुग्णालये, जलाशय ही त्या राजवटीची जमेची बाजू कोणीही नाकारू नये.

पण राज्यकारभारात प्रजेला निर्णायक आवाज नव्हता. १९२९ च्या सुमारास निघालेल्या 'गस्ती निशाण ५३' या परिपत्रकाने सभा भरविण्यावर पूर्वपरवानगीचे बंधन घातले. संस्थानातील साधारण चाळीस टक्के जमीन जहागिरी व निजामाची खाजगी मालमत्ता असलेल्या 'सर्फ-ए-खास' मध्ये मोडत होती. तेलंगणच्या खेड्यांत देशमुख, पटेल, पटवारी यांची सत्ता होती आणि 'वेट्टी' म्हणजे वेठबिगार सर्रास घेतली जात होती. गावच्या 'दोरा'समोर, म्हणजे जमीनदार मालकासमोर, उभे राहताना शेतकऱ्याने 'बांचन दोरा, कालमोक्ता' म्हणजे 'मी तुमचा गुलाम, तुमच्या पाया पडतो' असे म्हणावे, अशी रीत होती. ही रीत लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे गाण्याने पहिला आघात याच रीतीवर केला.

येथे एक भेद स्पष्ट करणे जरूर आहे. वंशपरंपरेने आलेली राजेशाही आणि विसाव्या शतकातील लष्करी हुकूमशाही या तंतोतंत एक नव्हेत. परंतु प्रजेला बोलण्याची मोकळीक नसणे, सत्तेला उत्तर विचारण्याची सोय नसणे आणि शिक्षेचे भय सतत असणे ही तीन लक्षणे दोहोंत समान आहेत. प्रतिकारगीताचा संबंध या तीन लक्षणांशी आहे.

गाण्याची कार्यपद्धती

गाणे सत्तेला का बोचते, याची कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१) गाण्याला अक्षरओळख लागत नाही. १९५१ च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती. अशा समाजात वृत्तपत्र थोड्यांपर्यंत जाते. गाणे सर्वांपर्यंत जाते.

२) गाणे जप्त करता येत नाही. छापखान्याला टाळे ठोकता येते, अंक उचलता येतो, संपादकाला मारता येते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी रझाकारांवर टीका केली आणि संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर एक निर्भीड लेखणी थांबली. गाणे मात्र एका कंठातून दुसऱ्या कंठात गेलेले असते आणि पहिला गायक गेला तरी ते उरते.

३) गाणे आवाजांना एकत्र करते. एकट्याने घोषणा देणारा माणूस ओळखला जातो. पन्नास जणांच्या सुरात कोणाचा आवाज कोणता हे सांगता येत नाही. भय कमी होण्यास येथूनच सुरुवात होते. पोवाड्यातील झीलकरी शेवटचे शब्द उचलून धरतात, तेव्हा ऐकणाराही गाणारा होतो.

४) गाणे ओळखीच्या चालीचा आडोसा घेते. सुगीचे, ओवीचे, जात्यावरचे, जत्रेतले गाणे कोणी संशयाने ऐकत नाही. त्याच चालीत नवे शब्द बसविले की ते लवकर पाठ होतात आणि वरवर पाहता जुनेच वाटतात.

५) गाणे संबोधन बदलते. ज्याला 'दोरा' म्हणून हात जोडावयाचे, त्याला गाण्यात एकेरीत हाक मारता येते. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून त्याचे उदाहरण पुढे येईल.

६) गाणे स्मरणात राहते. कागदपत्रे सत्तेच्या दप्तरात जमा होतात. ज्यांच्यावर सत्ता चालली, त्यांचे दप्तर बहुधा त्यांच्या गाण्यातच असते.

आदिलाबादचे उदाहरण : किंगरी आणि कुमराम भीम

आपल्या जिल्ह्यापासून आरंभ करू. राज गोंडांच्या कुळकथा गाण्याचे काम परंपरेने परधान समाजाकडे आहे. किंगरी हे गजाने वाजविण्याचे तंतुवाद्य घेऊन परधान आपल्या यजमान गोंडांच्या घरी देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गातात. या भागातील परधानांची घरची भाषा मराठी आणि गाण्याची भाषा गोंडी, अशी स्थिती मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविली आहे. दोन भाषा वागविणारा हा गायकवर्ग सीमाभागाच्या सांस्कृतिक इतिहासातील महत्त्वाचा दुवा होय.

जंगलाचे नवे कायदे, चराईवरील कर, राखीव वनातून होणारी हकालपट्टी आणि बाहेरून आलेल्यांच्या नावे जमिनींचे पट्टे होणे यांमुळे गोंड व कोलाम समाज हवालदिल झाला. कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली जोडेघाट परिसरात उठाव झाला आणि १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात भीम आपल्या साथीदारांसह मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने असंतोषाची कारणे शोधण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्यातून जमिनीचे पट्टे देण्याचे प्रयत्न झाले, मारलवाई येथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मराठीचे विद्वान आणि उर्दू काव्याचे भाषांतरकार सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळात या जिल्ह्यात अधिकारी होते आणि त्यांनी गोंडीचा अभ्यास केला.

उठावाच्या सरकारी नोंदी पोलिसी दृष्टीने लिहिलेल्या आहेत. भीम यांच्या मृत्यूच्या तारखेबाबतही एकवाक्यता नाही. लोकांनी मात्र तारखेचा वाद बाजूला ठेवून आश्विन पौर्णिमा धरली. दरवर्षी त्या दिवशी जोडेघाटला लोक जमतात आणि भीमांवरील गोंडी गाणी गातात. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे विभाजन झाले, तेव्हा एका जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. पराभूत माणसाचे नाव सत्तर-पंचाहत्तर वर्षे टिकून राहिले, यात लोकांच्या मौखिक आठवणीचा आणि गाण्याचा वाटा मोठा आहे.

तेलंगणचा शेतकरी लढा : बंदगी, हनुमंतु, यादगिरी

तेलंगणचा शेतकरी लढा १९४६ ते १९५१ या काळातील मानला जातो. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे दोड्डी कोमरय्या देशमुखाच्या माणसांच्या गोळीबारात मारले गेले आणि लढ्याने पेट घेतला. पण त्याच्याही आधीची एक घटना लोकांच्या मनात घर करून होती. कामारेड्डीगुडेम येथील शेख बंदगी हा गरीब मुसलमान शेतकरी विसनूरच्या देशमुखाविरुद्ध जमिनीसाठी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडला आणि १९४० च्या सुमारास त्याचा खून झाला. सुंकर सत्यनारायण आणि वासिरेड्डी भास्करराव यांच्या १९४७ च्या 'मा भूमी' या तेलुगू नाटकाला बंदगीच्या कथेचा आधार आहे. प्रजा नाट्य मंडळीने या नाटकाचे प्रयोग आंध्रभर केले आणि पुढे मद्रास प्रांताच्या सरकारने त्यावर बंदी घातली. निजामाच्या राज्यातील जमीनदार हिंदू देशमुख, त्याच्याशी झगडणारा शेतकरी मुसलमान आणि त्याची कथा रंगभूमीवर आणणारे लेखक हिंदू, हे चित्र अध्यापकांनी वर्गात आवर्जून मांडावे. 'निजामविरोध म्हणजे मुसलमानविरोध' हे समीकरण या एका उदाहरणाने ढासळते.

या लढ्यातील सुद्दाल हनुमंतु यांचे कार्य विशेष आहे. त्यांनी नवे काव्यप्रकार शोधत न बसता गावात रुजलेले प्रकार घेतले. गुरे राखणारा पोर, वेठीला जाणारी बाई, कर भरणारा कुणबी हे त्यांच्या गाण्यांचे नायक झाले. धनगर-गवळ्यांच्या 'गोल्ल सुद्दुलु' या कथागायनाचा त्यांनी प्रचारासाठी उपयोग केला. त्यांचे चिरंजीव सुद्दाल अशोक तेजा हे तेलुगू चित्रपटगीतकार म्हणून सर्वश्रुत आहेत.

यादगिरी या कार्यकर्त्याच्या नावावर असलेले, बैलगाडीवरून येणाऱ्या निजाम सरकारला उद्देशून रचलेले गाणे तेलंगणात घरोघर माहीत आहे. या गाण्यातील संबोधनाकडे भाषेच्या अध्यापकाने लक्ष द्यावे. तेलुगूत एखाद्याचा अनादराने उल्लेख करावयाचा असल्यास नामाला जो प्रत्यय लागतो, तो येथे 'सरकार' या शब्दाला लावला आहे. ज्या समाजात शिपायासमोरही 'बांचन' म्हणावे लागे, तेथे खुद्द सरकारलाच 'अरे' म्हणण्यासारखे हे झाले. त्या प्रत्ययाने राज्य उलथले नाही. परंतु ज्याने तो चारचौघांत एकदा मोठ्याने उच्चारला, त्याची मान दुसऱ्या दिवशी दोरासमोर पूर्वीइतकी लवणे कठीण झाले असणार. गाण्याचे राजकीय कार्य आधी गाणाऱ्याच्या मनात घडते, ते असे.

आंध्र भागातून आलेल्या बुर्रकथेचाही येथे उल्लेख हवा. मुख्य कथेकरी तंबुरा घेऊन मध्ये उभा राहतो. दोन्ही बाजूंना ढोलकी वाजविणारे दोन साथीदार असतात; त्यांपैकी एक विनोद करतो आणि दुसरा राजकीय भाष्य करतो. जुनी कथा चालू असतानाच चालू काळावर बोलण्याची सोय या रचनेतच आहे. म्हणूनच या प्रकारावर ब्रिटिशांनी मद्रासेत आणि निजाम सरकारने हैदराबादेत बंदी घातली होती. बुर्रकथेचे सर्वांत मोठे कलावंत शेख नाझर हे गुंटूर जिल्ह्यातील गरीब मुसलमान घरातले. त्यांना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली.

उर्दू आणि मराठीची बाजू

उर्दू ही राजदरबाराची भाषा होती, म्हणून ती सत्तेचीच भाषा होती असे समजणे चुकीचे ठरेल. उर्दू काव्यात राजाची स्तुती करणारा 'कसीदा' आहे, तसे निंदा करणारी 'हजो' आणि उद्ध्वस्त नगराचे दुःख सांगणारा 'शहरआशोब' हेही प्रकार आहेत. उस्मानियाच्या भाषांतर विभागात काम करणारे जोश मलिहाबादी यांना निजामाची गैरमर्जी झाल्याने १९३० च्या दशकात संस्थान सोडावे लागले.

मखदूम मोहिउद्दीन (१९०८–१९६९) यांचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. मेदक भागात जन्मलेले, हैदराबादच्या सिटी कॉलेजात अध्यापन केलेले मखदूम कामगार चळवळीत उतरले. त्यांचा 'सुर्ख सवेरा' हा संग्रह १९४४ मध्ये निघाला. ११ सप्टेंबर १९४७ रोजी रावी नारायण रेड्डी आणि बद्दम येल्ला रेड्डी यांच्यासह त्यांनी सशस्त्र लढ्याची हाक दिली. त्यांच्या युद्धगीताची चाल सामूहिक गायनाला इतकी अनुकूल होती की ते हैदराबादबाहेरही सभांतून गायिले जाऊ लागले. येथे एक मर्यादाही दिसते. मखदूमांची उर्दू नज्म शहरातील कामगार व विद्यार्थी यांच्यापर्यंत सहज पोहोचली. खेड्यातील तेलुगू शेतकऱ्यापर्यंत पोहोचली ती हनुमंतु-यादगिरींची गाणी. एकाच लढ्याला दोन भाषांतील दोन प्रकारचे कवी लागले. पुढे कृष्णचंदर यांच्या 'जब खेत जागे' या तेलंगणच्या लढ्यावरील कादंबरीवर 'मा भूमी' हा तेलुगू चित्रपट १९७९ मध्ये तयार झाला आणि त्यात गद्दर यांनी यादगिरीचे गाणे गायिले. त्या वेळी या दोन धारा पडद्यावर एकत्र आल्या.

मराठीतही या लढ्याचे पडसाद उमटले. अण्णा भाऊ साठे यांनी तेलंगणच्या संग्रामावर पोवाडा रचला. अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये 'लाल बावटा कलापथक' उभे केले होते. अमर शेख (१९१६–१९६९) हे बार्शीच्या गरीब मुसलमान घरात जन्मले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. पोवाडा हा मुळात राजे-सरदारांच्या पराक्रमाचा प्रकार. या शाहिरांनी नायकाच्या जागी गिरणी कामगार व शेतमजूर आणला. जुना साचा तोच ठेवून आतला माणूस बदलणे, ही युक्ती तेलुगू गोल्ल सुद्दुलु आणि मराठी पोवाडा या दोन्हींत सारखीच दिसते.

इतर देशांतील आणि इतर काळातील दाखले

हीच कार्यपद्धती अन्यत्रही आढळते. पाकिस्तानात जनरल अयुब खान यांनी १९६२ मध्ये स्वतःला सोयीची राज्यघटना आणली. त्यावर हबीब जालिब यांनी 'दस्तूर' ही नज्म लिहिली. 'दस्तूर' या शब्दाचे राज्यघटना आणि रिवाज असे दोन अर्थ होतात. एकाच शब्दात कायदा आणि रूढी या दोहोंना नकार देण्याची सोय कवीला मिळाली. जालिब ती चालीवर म्हणत आणि त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला.

फैज अहमद फैज यांनी १९७९ मध्ये जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीच्या काळात लिहिलेल्या एका नज्मेचे शीर्षक कुरआनातील सूरह रहमानच्या आयतीतून घेतले आहे. फैज यांच्या निधनानंतर फेब्रुवारी १९८६ मध्ये लाहोर येथे इक्बाल बानो यांनी ती गायिली, तेव्हा श्रोत्यांच्या घोषणांनी सभागृह दुमदुमले, आणि त्याचे ध्वनिमुद्रण सर्वत्र पसरले. धर्माचे नाव घेऊन राज्य करणाऱ्याला धर्मग्रंथाच्याच शब्दांनी उत्तर देणे, हे तिचे बळ. हीच नज्म भारतातील विद्यार्थ्यांनी गायिली, तेव्हा कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये २०२० मध्ये तिच्या शब्दांवरून चौकशी नेमली गेली. रूपकाची परंपरा ठाऊक नसेल तर गाणे कसे उलटे वाचले जाते, याचा हा धडा भाषेच्या अध्यापकांसाठी मोलाचा आहे.

चिलीत सप्टेंबर १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर काही दिवसांतच गायक व्हिक्टर जारा यांना क्रीडागारात कोंडून, छळ करून ठार करण्यात आले. तेच क्रीडागार आज त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या. न्याय मिळावयास पन्नास वर्षे लागली.

आपल्या देशातही आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. ती गाणी प्रतिकाराची नव्हती. गायकाने सरकारी प्रचाराला नकार दिला, एवढेच कारण पुरेसे झाले. निरंकुश सत्तेला विरोधाचे गाणे तर खपत नाहीच, पण आपल्या बाजूने न गाणेही खपत नाही, असा याचा अर्थ होतो.

गाण्याच्या मर्यादा

प्रतिकारगीताचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकू नयेत. पहिली मर्यादा अशी की गाण्याने राजवट पडत नाही. हैदराबाद संस्थानाचा शेवट सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कराच्या पाच दिवसांच्या कारवाईने झाला. गावोगावच्या संघम समित्या, सत्याग्रह, सीमेवरील शिबिरे, त्याग आणि रक्त हे सर्व त्याच्या मागे होते. चिलीची लष्करी राजवट १९८८ च्या जनमतात हरली. विरोधकांच्या प्रचारगीताने तेव्हा लोकांची भीती घालविण्यास मदत केली, पण निर्णय मतपेटीने दिला. गाणे माणसे जमविते. पुढचे काम संघटनेचे असते.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. जे गाणे काहींना जोडते, तेच काहींना दूर लोटू शकते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मोडली, त्यांना काढून टाकण्यात आले आणि अनेकांनी नागपूर विद्यापीठात शिक्षण पुरे केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. या विद्यार्थ्यांचे धैर्य निर्विवाद आहे. त्याच वेळी या गीताच्या पुढील कडव्यांबाबत मुसलमानांचा आक्षेप विचारात घेऊन काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ मध्येच पहिली दोन कडवी म्हणण्याचा निर्णय केला होता, हीही नोंद इतिहासात आहे. दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगितल्या, तरच विद्यार्थ्याला पूर्ण चित्र दिसते.

तिसरी मर्यादा विस्मरणाची आहे. गाणे जसे आठवण ठेवते, तसे निवडूनही ठेवते. १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर संस्थानातील अनेक जिल्ह्यांत मुसलमानांची हत्या व लूट झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा कमीत कमी अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांसाठी खुला झाला. त्याआधी रझाकारांनी केलेल्या अत्याचारांच्या कथा गाण्यांत, भाषणांत, पाठ्यपुस्तकांत आल्या, आणि त्या यावयासच हव्या होत्या. नंतरच्या या दुःखाला मात्र व्यासपीठ क्वचितच मिळाले. विधवेचा शोक घराच्या उंबऱ्याआतच राहिला. ज्या दुःखाचे गाणे होत नाही, ते नसतेच असे मानण्याची चूक इतिहासाच्या अध्यापकाने करू नये.

चौथी मर्यादा म्हणजे सत्तेने गाणे आपलेसे करणे. गद्दर यांच्यावर १९९७ मध्ये प्राणघातक गोळीबार झाला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. पुढे राज्याच्या चित्रपट पुरस्कारांना त्यांचे नाव देण्यात आले. सन्मान योग्यच आहे. पण सन्मानित गाणे प्रश्न विचारणे थांबवीत असेल, तर तो कसीदाच होतो. आपल्याच जिल्ह्यात इंद्रवेल्ली येथे २० एप्रिल १९८१ रोजी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार झाला, तेव्हा राजवट निजामाची नव्हती, लोकनियुक्त होती. प्रतिकारगीताची गरज राजा गेल्याने संपत नाही.

अध्यापनासाठी काही सूचना

१७ सप्टेंबर या दिवसाला कोणी मुक्तिदिन म्हणते, कोणी एकात्मता दिन. नावावरचा वाद वर्गात सोडविता येणार नाही. परंतु प्रत्येक गाण्याला चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल : हे गाणे कोण गातो आहे? कोणाला उद्देशून गातो आहे? त्याचा राग व्यक्तीवर आहे, व्यवस्थेवर आहे की समाजावर? आणि या गाण्यात कोणाचा उल्लेख नाही? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. तेलंगणच्या शेतकरी लढ्यातील गाण्यांचा रोख दोरा, देशमुख, वेठबिगार आणि त्यांना पाठीशी घालणारे सरकार यांच्यावर आहे. हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले, तर शेजारच्या बाकावरील मुलाकडे पाहण्याची त्याची नजर आपोआप स्वच्छ होते. एखाद्या गाण्याचा रोख खरोखरच समाजावर असेल, तर तेही त्याला याच प्रश्नाने कळेल.

दुसरी सूचना संकलनाची. बेला, जैनथ, तलमडगू या मराठी बोलणाऱ्या भागांत, उटनूर-आसिफाबादच्या गोंड वस्त्यांत आणि मुसलमान मोहल्ल्यांत अजूनही जात्यावरची, जत्रेतली, लग्नातली जुनी गाणी ठाऊक असणारे वृद्ध आहेत. विद्यार्थ्यांनी ती त्यांच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत. गाणाऱ्याचे वय, गाव, गाणे कोणाकडून शिकले आणि कोणत्या प्रसंगी गात असत, हे लिहून ठेवावे. गोंडी व मराठी गाणी देवनागरीत, तेलुगू गाणी तेलुगू लिपीत आणि उर्दू गाणी उर्दू लिपीत उतरवावीत. एका गटात तिन्ही लिपी जाणणारी मुले एकत्र बसविली, तर हा प्रकल्प भाषाशिक्षणाचाही होईल. गाणे दुरुस्त करू नये. जसे म्हटले तसेच ठेवावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की प्रतिकारगीत हे शस्त्र नव्हे. भीतीने दबलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकविणारे ते साधन आहे. ते निरक्षरांचे वृत्तपत्र होते, पराभूतांचे दप्तर होते आणि मान वर करण्याचा सराव होता. परधानाची किंगरी, हनुमंतुंचे सुद्दुलु, मखदूमांची नज्म आणि अमर शेखांचा डफ यांच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे. तक्रार मात्र बरीचशी एकच होती. जमीन कसणाऱ्याला जमीन नाही आणि बोलू पाहणाऱ्याला बोलण्याची मुभा नाही, ही ती तक्रार.

ही गाणी जाणणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. ग्रंथालयात जे नाही, ते अद्याप काही वृद्धांच्या कंठात आहे, आणि ते उतरवून घेण्यास निधीची नव्हे तर वेळेची गरज आहे. येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयाने दहा गाणी जरी लिहून ठेवली, तरी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला दप्तराबाहेरचा एक साक्षीदार मिळेल.